आमचे हे आणि गच्चीवरच्या सहा टाक्या

जबल ताज, अम्मान
बुधवार (म्हणजे पाण्याच्या वाराचा दुसरा दिवस. कपडे वाळताहेत, कंबर मोडलीय.)

आदरणीय थोरले बंधू अबू सुहैल यांस,

धाकट्या बहिणीचा, सुहादचा, सलाम. तुमच्या हाताला एक मुका, कपाळाला एक, आणि वहिनींच्या दोन्ही गालांना त्या घेतील तेवढे (त्या सध्या घेणार नाहीत हे मला माहीत आहे, त्याबद्दल पुढे लिहिते). तुमचा गुडघा कसा आहे? अकबाच्या हवेत गुडघा बरा राहतो पण डोकं तापतं, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात, तेव्हा दोन्हींची खुशाली कळवा. सुहैलच्या बायकोला दिवस गेलेत असं उडत उडत ऐकलं. खरं असेल तर अल्लाह सुखरूप सुटका करो, आणि खोटं असेल तर ही ओळ वाचलीच नाही असं समजा. आम्ही इथे ठीक आहोत. भिंती उभ्या आहेत, छप्पर जागेवर आहे, आणि आमचे हेही जागेवरच आहेत, म्हणजे त्या खुर्चीत, त्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर, चष्मा कपाळावर चढवून.

आधी माफी मागते, मग बाकीचं. गेल्या महिन्यात तुम्ही घरच्यांच्या फोनवरच्या गटात लिहिलंत, की बावीस वर्षं साथ देऊन आपला फ्रिज अखेर गेला. त्यावर तुमचं वाक्य संपतं न संपतं तोच आमच्याकडून उत्तर आलं, की अल्लाह त्यांना जन्नतमध्ये प्रशस्त जागा देवो, असा भला जीव पुन्हा होणे नाही, दफन किती वाजता आहे. वहिनींना ती थट्टा वाटली. भाऊ, शपथेवर सांगते, थट्टा नव्हती. ते उत्तर माणसाने दिलेलंच नव्हतं. या गटात रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि चहाचे कप येतात, त्या सगळ्यांना उत्तर देता देता अर्धा दिवस जातो, म्हणून यांनी, तुमच्या लाडक्या अबू राकानने, एक प्रोग्राम लिहिला होता. मजकुरात 'गेला' किंवा 'गेली' दिसलं की सांत्वन, आणि 'झाला' किंवा 'झाली' दिसलं की अभिनंदन. तीन दिवस फार छान चाललं. चौथ्या दिवशी तुमचा फ्रिज गेला. पाचव्या दिवशी नुहा मावशींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आणि त्यांना दवाखान्यात आमचा निरोप मिळाला, की हजार मुबारक, पुढच्या वर्षी आणखी एक होवो. तो प्रोग्राम आता बंद आहे. वहिनींना समजवा, आणि फ्रिजबद्दल माझं खरंखुरं, हाताने लिहिलेलं दुःख कळवा. मी फोन न करता कागदावर लिहितेय त्याचं कारणही हेच. आमच्या घरात आता कोणतं यंत्र काय ऐकतं आणि कुणाला काय उत्तर देतं याचा भरवसा राहिलेला नाही. हे पत्र अकबाच्या बसवाल्याच्या हाती देते आहे. तो कमी शिकलेला आहे, त्यामुळे सुरक्षित आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, हे छत्तीस वर्षं हवामान खात्यात होते. ज्या देशात वर्षातून बोटावर मोजण्याइतके दिवस पाऊस पडतो, तिथे या माणसाने छत्तीस वर्षं रोज सकाळी जाऊन पर्जन्यमापकात वाकून पाहिलं आणि वहीत 'शून्य' लिहिलं. आणि शून्यसुद्धा कधी अंदाजाने लिहिलं नाही, पाहूनच लिहिलं. मला याचं तेव्हा हसू यायचं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही तेव्हा यांनी घर मोजायला घेतलं. इंटरनेटवर फुकटचे धडे मिळतात, ते बघून बासष्टाव्या वर्षी प्रोग्राम लिहायला शिकले. बिस्किटाएवढे लहान लहान कॉम्प्युटर मिळतात म्हणे, त्यांना तारा जोडल्या की ते बघतात, ऐकतात, मोजतात. तसली बिस्किटं आमच्या घरात आता साखरेपेक्षा जास्त आहेत. एक ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यात बसलेलं आहे, एक माझ्या झातर मसाल्याच्या बरणीत होतं (आता नाही, मी ते भाजलं. चुकून).

त्यातलं काही काही चांगलं निघालं, हे मला कबूल केलं पाहिजे. पुदिन्याच्या कुंडीत एक तार खुपसलीय, माती कोरडी पडली की ती स्वतःच पाणी मागते. चष्म्याच्या दांडीला एक मण्याएवढं काहीतरी चिकटवलंय, टाळी वाजवली की चष्मा चिवचिवतो, त्यामुळे आता हे दिवसभर टाळ्या वाजवत हिंडतात आणि चष्मा त्यांच्या कपाळावरून उत्तर देतो. आणि मग ते गॅसच्या गाडीचं प्रकरण. सिलिंडर विकणाऱ्या गाडीचा तो एकच पियानोचा सूर तुम्हाला आठवत असेल, अम्मानमध्ये आंधळाही त्यावरून गल्ली ओळखतो. आमचं घर चौथ्या मजल्यावर, गुडघे साठीतले, खाली पोचेपर्यंत गाडी पुढच्या टेकडीवर. म्हणून यांनी खिडकीत एक यंत्र ठेवलं. गाडी तीन गल्ल्या दूर असतानाच ते तो सूर ओळखायचं आणि घरात घंटा वाजवायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा सिलिंडर घेतला, गरज एकाचीच होती, पण यशाच्या भरात घेतला. मग दुसऱ्या आठवड्यात घंटा थांबेचना. सकाळी घंटा, दुपारी घंटा. हे रिकामा सिलिंडर घेऊन चार मजले खाली जायचे, रस्ता मोकळा. पुन्हा वर. पुन्हा घंटा. आठ दिवसांनी कळलं, की समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पन्नाशीत पियानो शिकायला घेतलाय आणि सगळ्या नवशिक्यांना पहिली तीच धून शिकवतात. यांनी काय केलं असेल? यंत्र बंद केलं? छे. बाईंकडे जाऊन त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून आणलं, आणि बाई कुठे चुकतात ते यंत्राला शिकवलं. आता सूर बरोबर आला तर गाडी, चुकला तर डॉक्टरीणबाई. (बाई सुधारत चालल्यात, ही काळजीची गोष्ट आहे.)

तर भाऊ, मी हे पत्र लिहायला बसले ते तुम्ही एकदा येऊन यांना मोठेपणाने चार शब्द सुनवावेत म्हणून. पण त्याआधी गच्चीवर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. ते मी दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. वहिनींना सांगितलंत तरी चालेल, नाहीतरी त्या माझ्याशी बोलत नाहीत.

आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं, मंगळवारी. त्या दिवशी इमारतीत कुणी पाहुणा बोलावत नाही, कुणी आजारी पडत नाही, सगळ्या बायका धुणं काढून बसतात. गच्चीवर सहा घरांच्या सहा टाक्या आहेत, त्या मंगळवारी भरतात आणि पुढच्या मंगळवारपर्यंत पुरवायच्या असतात. तळमजल्यावर हाजी झुहदी राहतात. आमच्या इमारतीचे कारभारी तेच, आणि आवाज असा की त्यांना फोनची गरज नाही. घरात दोनच माणसं, ते आणि त्यांची बायको उम्म फव्वाज, आणि टाकी सगळ्यांत मोठी. त्यांच्या समोरच्या घरात सलवा. तिचा नवरा अबू तामेर अडीच वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्याने अंथरुणाला खिळला. रोज चादरी धुवायच्या, रोज त्याला अंघोळ घालायची, आणि टाकी सगळ्यांत लहान.

हाजी आणि अबू तामेर यांचं भांडण त्या झटक्याच्याही आधीचं. अंजिराच्या झाडाखाली गाडी कुणी लावायची यावरून ते पेटलं. दोघांनी एकमेकांच्या आजोबांपर्यंत मजल मारली, आणि शेवटी हाजींनी भर रस्त्यात दोन्ही हात वर करून शपथ घेतली, की या हातांनी त्या घराला पाण्याचा एक थेंब जरी दिला तरी मी माझ्या बापाचा मुलगा नाही. महिन्याभरात अबू तामेर पडला. गाडी विकली. अंजिराखालची जागा मोकळी झाली. पण शपथ तिथेच उभी राहिली. उम्म फव्वाज आणि सलवा, तीस वर्षांच्या मैत्रिणी, एका भांड्यातून खाणाऱ्या, जिन्यात समोरासमोर आल्या की माना फिरवून जाऊ लागल्या.

या वर्षी रमजाननंतर हाजींची टाकी रविवारीच तळाला जायला लागली. दोन माणसांनी एवढं पाणी पिणं शक्य नाही. हाजी गच्चीवर जाऊन टाकीला कान लावून बसले, पाइप हुंगले, आणि निकाल दिला: चोरी. चोर कोण? समोरचं घर. पुरावा? "रोज चादरी वाळत असतात! कुठून येतं पाणी? आभाळातून?" हाजी जिन्यात उभे राहून हे बोलले तेव्हा सलवा दारातच होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, "माझ्या टाकीला अल्लाहची बरकत आहे, हाजी. तुम्ही तुमची सांभाळा." आणि दार लावून घेतलं. त्यावर हाजी तडक चार मजले चढून आमच्याकडे आले. दम लागलेला, मिशा थरथरताहेत. "अबू राकान, तू ढगांतलं पाणी मोजायचास. माझ्या टाकीतलं मोज. चोर दाखव, मी सरळ पोलिसात जातो."

भाऊ, माझ्या नवऱ्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. छत्तीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे पाणी मोजून मागितलं नव्हतं. त्यांनी नुसता होकार दिला नाही, म्हणाले की एकाच टाकीचं मोजून शास्त्र होत नाही, सहाही टाक्या मोजल्या पाहिजेत. मग काय, दहा दिवस घर म्हणजे कारखाना. प्रत्येक टाकीच्या झाकणाला आतून एक यंत्र लावलं. ते खाली पाण्याकडे आवाज सोडतं, तो आवाज पाण्यावर आपटून किती वेळात परत येतो त्यावरून पाणी किती उरलंय ते कळतं. (आपल्याला ऐकू येत नाही तो आवाज, पण आमची मांजर गच्चीवर जायची बंद झाली.) ऊन लागू नये म्हणून प्रत्येकावर दह्याचा रिकामा डबा पालथा घातला. आणि दर पाच मिनिटांनी सहा टाक्यांचे सहा आकडे आमच्या बैठकीतल्या पडद्यावर, सहा रंगांच्या रेघांत. हे त्या रेघांकडे असे बघत बसायचे, जसे दुसरे लोक फुटबॉल बघतात. "उम्म राकान, ये लवकर, दुसऱ्या मजल्यावर अंघोळ चाललीय!" मी म्हटलं, "अहो, शरम करा." तर म्हणाले, "रेघेला कसली शरम?"

यंत्रं बसवल्याच्या अकराव्या दिवशी मी वांगी तळत होते, तेव्हा आतून ओरडण्याचा आवाज आला. मला वाटलं, शॉक बसला. धावत गेले तर हे उभे, आनंदाने लाल. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघ! रोज एक वाजायला दहा कमी असताना हाजींची रेघ खाली जाते. वीस मिनिटं. आणि त्याच वीस मिनिटांत दुसरी एक रेघ वर चढते. जेवढी ही उतरते, तेवढीच ती भरते. एका पेल्याचा फरक नाही! माझं यंत्र इतकं अचूक आहे!" मी विचारलं, दुसरी रेघ कुणाची. त्यांनी रंग पाहिला, यादी पाहिली, आणि हळूहळू खाली बसले. सलवाची.

भाऊ, त्या दुपारी आमच्या घरात वांगी जळली. हाजी खरे निघाले याचं यांना दुःख, आणि सलवा चोर निघाली याचं मला. शुक्रवारच्या नमाजनंतर सगळ्या इमारतीसमोर निकाल सांगायचं ठरलेलं होतं. यांनी आयुष्यात आकडा बदललेला नाही. मी म्हटलं, आकडा खोटा नसेल, पण आकड्याला हात दिसत नाहीत. चला, वर जाऊन बघू कोण आहे ते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पाऊण वाजता आम्ही दोघं गच्चीवर जाऊन टीव्हीच्या जुन्या तबकड्यांमागे लपलो. डोक्यावर असं ऊन की तबकडीवर अंडं तळावं. आमची वयं लक्षात घेता आम्ही बसलो ते बसलोच, उठायचं कसं हा पुढचा प्रश्न होता. आणि जिन्याचं दार उघडलं. हातात धुण्याची बादली, बादलीत ओले टॉवेल, टॉवेलांखाली हिरवी नळी. उम्म फव्वाज! हाजी नमाजला गेले की ती वर येत होती. तिने नळीचं एक टोक स्वतःच्या टाकीत सोडलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून गाडीतलं पेट्रोल ओढावं तसं पाणी ओढलं, थुंकली, आणि ते टोक सलवाच्या टाकीत घातलं. मग बादली पालथी करून तिच्यावर बसली आणि जपमाळ काढली. नेमका त्याच वेळी, भाऊ, मी तुमच्यापासून काय लपवू, यांनी चष्मा शोधायला टाळी वाजवली. सवयीने. आणि कपाळावरून चिवचिव सुरू झाली.

उम्म फव्वाजने मान वळवून पाहिलं. घाबरली नाही की दचकली नाही. म्हणाली, "सुहाद, तिकडे ऊन आहे गं. इकडे सावलीत या. अजून पंधरा मिनिटं आहेत."

आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलो. (हे आधी हातांवर, मग गुडघ्यांवर, मग टाकीला धरून उभे राहिले.) तिने सगळं सरळ सांगितलं. अबू तामेर पडल्यापासून ती हे करते आहे. यंदा ऊन वाढलं, चादरी वाढल्या, म्हणून पाणीही जास्त सोडावं लागलं, एवढंच. सलवाला माहीत नाही. तिला सांगितलं तर ती उपाशी राहील, पण घेणार नाही. तिला वाटतं टाकीत बरकत आहे, तर वाटू दे, बरकत कुठूनतरी यावी लागतेच ना. मी विचारलं, आणि जिन्यात मान फिरवतेस ती? ती म्हणाली, "फिरवू नको तर काय करू? तिच्या डोळ्यांत पाहिलं तर मला रडू येतं, आणि हाजींच्या देखत रडले तर सगळं संपलं." मग यांच्याकडे पाहून म्हणाली, "अबू राकान, तुझे ते दह्याचे डबे बघितल्यापासून मला कळलंय. मी तुला खोटं बोलायला सांगणार नाही. माणसाने शपथ घेतलीय आणि बायको ती रोज मोडतेय, हे चारचौघांत कळलं तर त्यांची मान खाली जाईल. पण तू तुझं काम कर."

हे उठले. खाली आले आणि पडद्यासमोर बसले. मला वाटलं, आता छत्तीस वर्षांचा प्रामाणिकपणा बोलणार. पण त्यांनी त्या अकरा दिवसांचे आकडे उघडले आणि एकेक दिवस पुसायला सुरुवात केली. एका फटक्यात पुसता येतं, हे मला माहीत आहे. पण ते एकेक दिवस वाचून पुसत होते, जशी माणसं जुनी पत्रं जाळण्याआधी वाचतात. मी कॉफी ठेवली, ती थंड झाली. तेवढं एक वाक्य ते बोलले: "इतकं अचूक मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं."

शुक्रवारी नमाजनंतर जिन्याखाली सगळी इमारत जमली. सलवा आपल्या दारात, हात छातीशी बांधून उभी. उम्म फव्वाज नवऱ्याच्या मागे, चेहरा भिंतीसारखा. हाजी म्हणाले, "हं, अबू राकान. नाव घे." हे पुढे झाले, खिशातून कागद काढला (कोरा होता, मला दिसत होता), आणि म्हणाले, की बंधूंनो, मोजमाप चुकलं. दोष माझ्या प्रोग्रामचा. अधिकच्या जागी उणे पडलं. पाणी कुठेही जात नाही, उन्हामुळे यंत्र फसतं, आणि मी अकरा दिवस तुमचा वेळ वाया घालवला. आणि मग जो हशा उसळला म्हणता! पहिल्या मजल्यावरचा मास्तर म्हणाला, दह्याचे डबे तरी परत द्या, दही लावू. कुणी म्हणालं, मांजरीची भरपाई कोण देणार. आणि हाजींचा आवाज सगळ्यांच्या वर: "छत्तीस वर्षं विमानं तुझ्या भरवशावर उतरली, अबू राकान! अल्लाहनेच उतरवली असणार!" हे मान खाली घालून उभे राहिले. ज्या माणसाने शून्यसुद्धा पाहिल्याशिवाय लिहिलं नाही, तो माणूस सगळ्या इमारतीसमोर 'मला मोजता येत नाही' असं म्हणत होता. भाऊ, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत आहे असं मला वाटलं. आता मी जास्त लिहीत नाही, तुम्ही थोरले आहात.

गोष्ट इथे संपायची, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. हाजी. एकटे, आणि आवाज इतका हळू की मी आधी ओळखलाच नाही. वेलची घातलेली कॉफी घेतली, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझं यंत्र खरंच बिघडलंय?" हे म्हणाले, बिघडलंय. हाजी म्हणाले, "तू जन्मात आकडा चुकवला नाहीस. तू चुकलो म्हणालास, तेव्हाच मला कळलं की बरोबर मोजलं आहेस. मग मी विचार करत बसलो, कुणासाठी. अडीच वर्षं दुपारी माझ्या बायकोच्या बाह्या ओल्या असतात. मी म्हातारा आहे, आंधळा नाही." यांनी हाजींच्या कपात पुन्हा कॉफी ओतली. मी दाराच्या पडद्याआडून ऐकत होते (तुम्ही असता तर तुम्हीही ऐकलं असतं). शेवटी हाजी घसा खाकरून म्हणाले, "एक शास्त्राचं विचारायचं होतं. एका कट्ट्यावरच्या दोन टाक्या खालून पाइपने जोडल्या, तर काय होतं?"

"पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीला येतं."

"कोण आणतं?"

"कुणी नाही. आपोआप येतं. पृथ्वी ओढते."

"म्हणजे हाताने कुणी देत नाही."

"हात लागतच नाही."

"मग ते शपथेत बसत नाही," असं म्हणून हाजी उठले. दारात थांबून म्हणाले, "सगळ्यांना सांग, पाण्याचा दाब सुधारायला केलं. तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणा, पण सांग."

काल मंगळवारी दोन्ही टाक्या जोडून झाल्या. प्लंबरशेजारी हाजी उभे राहून त्याच्यावर ओरडत होते, हात मात्र पाठीमागे घट्ट बांधलेले, एका स्क्रूलाही लावले नाहीत. सलवा खालून कॉफीचा ट्रे घेऊन आली, आणि उम्म फव्वाजने तो तिच्या हातून घेताना मान फिरवली नाही. ट्रे बराच वेळ दोघींच्या हातात राहिला. यांनी तोंडातल्या तोंडात पुटपुटत यंत्रं पुन्हा सुरू केली, आणि संध्याकाळी मला बोलावून दाखवलं: हाजींची आणि सलवाची, दोन्ही रेघा एकावर एक आल्या होत्या, वेगळ्या काढता येत नव्हत्या. मास्तरांनी खालून ओरडून विचारलं, की आज तरी बरोबर मोजतंय का. हे म्हणाले, "नाही हो, अजून बिघडलेलंच आहे."

तब्येतीला जपा. वहिनींना माझा सलाम सांगा, आणि नव्या फ्रिजला दीर्घायुष्य लाभो.

तुमची बहीण,
सुहाद

ता. क. यांना चार शब्द सुनवायला या असं मी वर लिहिलं आहे, ते राहू द्या. याच. पण सुनवू नका.

आणखी एक ता. क. हे पत्र ज्या कामासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. सुहैलचा जुना लॅपटॉप तुमच्या माळ्यावर पडून आहे ना? तो या बसवाल्याच्या हाती पाठवून द्या. आमच्या पत्त्यावर नको, सलवाच्या पत्त्यावर पाठवा, आणि वरून खजुराचा थर द्या. कुणाला हवाय असं वहिनींनी विचारलं तर सलवाला म्हणून सांगा. मला हवाय.

शेवटची ता. क. (ही वाचून झाली की पान फाडून टाका.) गेले तीन महिने हे सकाळी रोटी आणायला गेले की मी त्यांच्या खुर्चीत बसते आणि तेच फुकटचे धडे बघते. गेल्या शनिवारी मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला. अकरा ओळींचा. संध्याकाळी पाच वाजले की त्यांचा पडदा सगळा काळा होतो आणि मध्ये अक्षरं येतात: 'चहा झालाय. उठा.' चार दिवस हे शोधताहेत की बाहेरून कोण आत शिरलं. त्यांना वाटतं परदेशातला कुणी मोठा माणूस असावा. काल चहाचा घोट घेत म्हणाले, "कोण आहे कोण जाणे, उम्म राकान, पण हात फार साफ आहे. एक ओळ फालतू नाही." भाऊ, पस्तीस वर्षांत माझ्या हातच्या मकलूबा-भातालाही त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. लॅपटॉप लवकर पाठवा.